खोली क्रमांक १६४ : कबुली कोणापुढे?

मराठीत आत्मचरित्राविषयी लिहिताना समीक्षकाच्या लेखणीतून सर्वांत आधी जे विशेषण उतरते ते 'प्रांजळ'. लेखकाने स्वतःचे दोष झाकून ठेवले नाहीत, घरातले कलह, मोह, पराभव उघड केले, की त्याच्या लेखनाला प्रांजळपणाचे प्रशस्तिपत्र मिळते आणि चर्चा बहुधा तेथेच थांबते. हा निकष कोठवर पुरतो आणि कोठे अपुरा पडतो, हे तपासायचे तर एखादे टोकाचे उदाहरण घ्यावे लागते. ज्यानफ्रांको रोझी या इटालियन दिग्दर्शकाचा 'एल सिकारिओ, रूम १६४' हा २०१० सालचा माहितीपट आम्हांला तसे उदाहरण वाटतो. रोझी यांचे नाव पुढे २०१३ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि २०१६ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळवणाऱ्या माहितीपटांमुळे सर्वतोमुखी झाले. त्या मानाने हा आधीचा चित्रपट उपेक्षित राहिला. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र तो आवर्जून पाहावा, कारण त्यात घडते ते सर्व शब्दांतच घडते.

सुमारे ८० मिनिटांच्या या चित्रपटात बोलणारा माणूस एकच आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील एका मोटेलची खोली, डोक्यावरून काळे कापड ओढून घेतलेला एक पुरुष, त्याच्या हाती जाड मार्कर आणि समोर एक वही. तो बोलतो आणि बोलता बोलता कागदावर रेघा ओढतो. घराचा नकाशा, गाड्यांच्या जागा, पहाऱ्याची माणसे, पैशांचे आकडे, काडीसारखे हातपाय असलेली माणसे असे सगळे त्या कागदांवर उमटते. एक पान भरले की पुढचे उलटतो. फळ्यावर आकृती काढून विषय समजावणाऱ्या शिक्षकाची आठवण व्हावी अशी त्याची पद्धत आहे, आणि विषय आहे अपहरण, छळ, खून व प्रेतांची विल्हेवाट. ज्या खोलीत तो बसला आहे त्याच खोलीत पूर्वी एका अपहृत माणसाला डांबून त्याचा छळ केल्याचे तो सांगतो. चित्रपटाचे नाव त्या खोलीच्या क्रमांकावरून आले आहे.

'सिकारिओ' या स्पॅनिश शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'सिका' म्हणजे वस्त्राआड दडवता येईल असा आखूड खंजीर. इसवी सनपूर्व ८१ मध्ये सुल्ला या रोमन सत्ताधीशाने केलेल्या कायद्याच्या नावातच हे खंजीरवाले आणि विषप्रयोग करणारे एकत्र आले आहेत. आपल्याकडे मुंबईच्या गुन्हेगारी बोलीने 'सुपारी' हा मंगलकार्यातला शब्द पळवून नेला आणि त्याला खुनाच्या कंत्राटाचा अर्थ दिला. परंतु या माणसाच्या बाबतीत 'सुपारी घेणारा' हे भाषांतर पुरेसे ठरणार नाही. सुपारी एकेका खुनाची असते. हा मनुष्य मात्र त्याच्या सांगण्याप्रमाणे वीस वर्षे टोळीच्या पदरी होता आणि त्याच वेळी चिवावा राज्याच्या पोलीस दलात अधिकारीही होता. चित्रपटाच्या परिचयात म्हटले आहे की त्याने शेकडो खून केले, अमेरिकेत एफबीआयकडून प्रशिक्षण घेतले, त्याच्या जिवावर अडीच लाख डॉलर लावलेले आहेत, आणि तरीही कोणत्याही देशात त्याच्यावर एकही गुन्हा दाखल झालेला नाही. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

या माणसाला प्रथम शोधून काढले ते चार्ल्स बाउडन या अमेरिकन पत्रकाराने. त्यांचा लेख मे २००९ मध्ये 'हार्पर्स' मासिकात आला. तो काळ सिउदाद हुआरेझ या सीमेवरच्या शहराच्या दृष्टीने भयानक होता. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवले होते. नदीपलीकडे अमेरिकेतले एल पासो शहर देशातील सुरक्षित शहरांत गणले जात होते आणि अलीकडे हुआरेझमध्ये २०१० या एका वर्षात ३,००० हून अधिक खून झाले. बाउडन आणि ग्रंथपाल मॉली मलॉय यांनी या माणसाच्या मुलाखती संपादित करून २०११ मध्ये पुस्तकही काढले. त्याला त्यांनी मारेकऱ्याचे 'आत्मचरित्र' म्हटले आहे. म्हणजे वाङ्मयप्रकाराचा प्रश्न आम्ही बाहेरून आणलेला नाही.

आता चित्रपटाच्या जमेच्या बाजू आधी सांगितल्या पाहिजेत. गुन्हेगारी जगावरचे पुष्कळसे चित्रपट हिंसेचा निषेध करता करता तिची आरास मांडतात. रोझी यांनी तो मोह कटाक्षाने टाळला आहे. रक्त नाही, प्रसंगांची नाट्यमय पुनर्निर्मिती नाही, भीती वाढवणारे संगीत नाही. दाखवले जातात ते अधूनमधून शहराचे रस्ते आणि सीमेचा परिसर. बाकी सर्व प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवलेले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रपटातून समोर येतो तो एका विकृत माणसाचा स्वभाव नव्हे, तर एक व्यवस्था. किशोरवयात सीमेपलीकडे गाड्या पोहोचवण्याची कामे, पुढे पोलीस अकादमीत प्रवेश, तेथे असतानाच टोळीकडून मिळणारा पैसा, शासनाने दिलेले शस्त्र, वाहन आणि ओळखपत्र. खुनाला येथे कचेरीतल्या कामाचे रूप आले आहे. हे सर्व अतिरंजित वाटत असेल तर पुढचा इतिहास पाहावा. २००६ ते २०१२ या काळात मेक्सिकोचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री असलेले हेनारो गार्सिया लुना यांना सिनालोआ कार्टेलकडून लाच घेतल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरवले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली. ती टोळी वेगळी, पण शिपायापासून मंत्र्यापर्यंतच्या साखळीचे जे चित्र बुरख्यामागचा माणूस वहीत काढत होता ते काल्पनिक नव्हते.

इतके मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा की ही कबुली आहे काय, आणि असल्यास कोणापुढे?

मराठी वाचकाला या चित्रपटाच्या नावात एक योगायोग दिसल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे '१६४ चा जबाब' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांनी घरोघरी पोहोचवला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ नुसार दंडाधिकाऱ्यासमोर कबुलीजबाब नोंदवला जाई. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यावर ही तरतूद कलम १८३ मध्ये गेली, पण तिचा आशय कायम आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, कारण तेथे भीती असते. दंडाधिकाऱ्यासमोर मात्र ती देता येते, आणि ती लिहून घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने समोरच्या माणसाला बजावायचे असते की कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल. जबाबाखाली कबुली देणाऱ्याची सही लागते. कायद्याच्या या कोरड्या भाषेत कबुलीची एक गंभीर व्याख्या दडलेली आहे. जी बोलणाऱ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते ती कबुली. ज्या बोलण्याने बोलणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही ते निवेदन असेल, कथन असेल, पण त्याला कबुली म्हणता येत नाही.

या व्याख्येने पाहिले तर रोझी यांच्या खोली क्रमांक १६४ मध्ये कलम १६४ च्या नेमके उलट घडते. चेहरा झाकलेला, नाव नाही, सही नाही, गुन्हा दाखल नाही. त्याच्याविरुद्ध वापरता येईल असे काहीही तेथे बोलले जात नाही. कोणी म्हणेल, टोळीने त्याच्या डोक्यावर इनाम लावले असताना तो बोलतो, म्हणजे जीव पणाला लावतोच की. ते खरे आहे. परंतु हा धोका त्याला टोळीकडून आहे, ज्यांना त्याने मारले त्यांच्या माणसांकडून वा न्यायसंस्थेकडून नव्हे. टोळीशी केलेली फितुरी ही एक गोष्ट आणि मृतांच्या आप्तांशी केलेली कबुली ही दुसरी. पहिलीच्या धैर्यावरून दुसरीचे पुण्य पदरात टाकता येत नाही.

फितुरी करून सुटलेल्या गुन्हेगाराला मराठीत फार अर्थपूर्ण नाव आहे, 'माफीचा साक्षीदार'. माफी आणि साक्ष या दोन गोष्टी या शब्दात एकमेकींना बांधलेल्या आहेत. कायद्याने माफी मिळते ती एका अटीवर. त्या गुन्ह्याविषयी आणि त्यात गुंतलेल्या प्रत्येक व्यक्तीविषयी ठाऊक असलेले सर्व खरेखुरे सांगितले पाहिजे. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये लिहिलेल्या ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीतला अमीर अली हा असाच माफीचा साक्षीदार आहे आणि तो आपली कहाणी एका साहेबापुढे रंगवून सांगतो. ठगांविषयीच्या त्या सर्व साहित्यावर वसाहतवादी दृष्टीचा गडद रंग आहे, हे आजच्या अभ्यासकांनी पुरेसे दाखवून दिले आहे. तरी एक वस्तुस्थिती उरते. त्या काळच्या माफीच्या साक्षीदारांकडून जागा दाखवून घेतल्या गेल्या आणि त्या जागी जमीन उकरून प्रेते बाहेर काढली गेली. त्यांची साक्ष जमिनीशी जोडलेली होती. रोझी यांच्या चित्रपटात वहीची पाने एकामागून एक भरतात, पण चित्रपट संपतो तेव्हा मारल्या गेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्या हाती लागत नाही.

मग माफी कोणाची? चित्रपटाच्या अखेरीच्या भागात याचे उत्तर येते. टोळीपासून दूर झालेला हा माणूस एका ख्रिस्ती प्रार्थनासभेत जातो, तेथे कोसळतो, रडतो आणि देवाला शरण जातो. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो, शरीर बदलते. एवढा वेळ थंडपणे आकृत्या काढणारा माणूस प्रथमच हेलावलेला दिसतो. हा भाग खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या अंतःकरणाची झडती घेण्याचे साधन समीक्षेपाशी नसते. परंतु कथनाची घडण पाहण्याचे साधन असते. कॅथलिक परंपरेत कबुली एकांतात, धर्मगुरूच्या कानात दिली जाते आणि तिच्यामागून प्रायश्चित्त येते. नव्या प्रार्थनासभांच्या परंपरेत ती चारचौघांत दिलेली 'साक्ष' होते. या साक्षीला एक ठराविक चाल असते. आधी अंधार, मग प्रकाश. अंधार जितका दाट तितका प्रकाश लखलखीत. परिणामी शेकडो मेलेली माणसे एका माणसाच्या उद्धाराच्या कथेतील पूर्वार्ध होऊन बसतात. त्यांचे मरण हे त्याच्या कथेचे भांडवल ठरते. क्षमा मागायची होती त्यांना वगळून क्षमा मिळूनही गेलेली असते.

येथे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला सहजासहजी नाही, कारण हीच कथा आपल्या घरची आहे. वाल्याची लोककथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. माणूस मारला की तो रांजणात एक खडा टाकी, असे सात रांजण भरले. नारद भेटले, 'माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात काय' असे त्याने घरच्यांना विचारले, त्यांनी हात झटकले, आणि मग नाम, तप, वारूळ, वाल्मीकी. ही कथा आपण उद्धाराची कथा म्हणून सांगतो. वाल्याने निदान मोजदाद ठेवली होती, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु सात रांजणांतील त्या खड्यांना नावे होती काय, त्या वाटसरूंची वाट पाहणारी घरे कोणत्या गावात होती, हा प्रश्न कथा विचारत नाही आणि ऐकणारी मुलेही विचारत नाहीत. वाल्याने प्रश्न विचारला तोही आपल्याच घरच्यांना. मेलेल्यांच्या घरी तो गेला नाही.

हुआरेझ शहरात हा राहिलेला प्रश्न स्त्रियांनी विचारला आहे. १९९३ पासून त्या शहरात स्त्रियांच्या खुनांची मालिका सुरू झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये एका कापसाच्या शेतात आठ स्त्रियांची प्रेते सापडली. त्या जागी नंतर गुलाबी रंगाचे आठ क्रूस उभारले गेले आणि त्यांच्यावर नावे लिहिली गेली. आयांनी हा खटला देशाबाहेर नेला आणि २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मेक्सिकोच्या शासनाला जबाबदार धरले. रोझी यांच्या चित्रपटातल्या माणसाचा त्या खुनांशी संबंध होता असे आम्ही सुचवत नाही. आम्ही दोन कथनपद्धती शेजारी ठेवत आहोत. एकीकडे नावे लिहिलेले आठ क्रूस आणि दुसरीकडे काडीच्या माणसांनी भरलेली वही. मे २०२२ मध्ये मेक्सिकोतील अधिकृत नोंदीनुसार बेपत्ता माणसांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. त्यांच्या आया आणि बहिणी गटागटांनी माळरानावर जातात, जमिनीत लोखंडी सळई खुपसतात आणि ती बाहेर काढून तिचा वास घेतात. खाली प्रेत असेल तर कळते. बुरख्यामागच्या माणसासारख्या एखाद्याने काढलेला एक नकाशा, एक खरी जागा, या बायकांची कितीतरी वर्षांची वणवण संपवू शकेल. त्याच्या ज्ञानाची खरी गरज असलेला श्रोता हा आहे. चित्रपटगृहात बसलेले आपण नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. त्या माणसालाही कुटुंब आहे, बुरखा ही चैन नसून गरज आहे, चेहरा दाखवला असता तर कथनच शक्य झाले नसते. आम्हांला हे मान्य आहे. शिवाय केवळ चेहरा आणि नाव यांनी कबुली खरी होते असेही नाही. त्याचा दाखला कोलंबियात आहे. पाब्लो एस्कोबारचा मारेकरी 'पोपाय' म्हणजे होन हायरो वेलास्केस याने सुमारे ३०० खून स्वतःच्या हाताने केल्याचे सांगितले होते. त्याला शिक्षा झाली, दोन दशकांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. २०१४ मध्ये सुटल्यावर त्याने 'पश्चात्तापदग्ध पोपाय' अशा अर्थाच्या नावाने यूट्यूबवर वाहिनी चालवली, पुस्तक काढले, त्याच्या आयुष्यावर मालिका झाली. २०१८ मध्ये त्याला पुन्हा अटक झाली आणि २०२० मध्ये कैदेतच तो मरण पावला. येथे चेहरा होता, नाव होते, शिक्षाही भोगून झाली होती, आणि तरी पश्चात्ताप हा विक्रीचा माल झाला. तेव्हा आमचे म्हणणे बुरखा फाडावा असे नाही. सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहिले तरी चालेल. मेलेल्यांची नावे गुप्त राहता कामा नयेत.

आता आपल्या वर्गाकडे वळू. 'प्रांजळ' हा शब्द आपण कोणाकोणाला लावतो? लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही ज्यांच्या कपाळावरून तो पुसला गेला नाही, त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या नावानिशी लिहिलेले हे आत्मकथन. भुकेपोटी केलेल्या चोऱ्या त्यात आहेत, पोलिसांची मारहाण आहे, माणसांची नावे आहेत. लिहिणाऱ्याला उद्या त्याच समाजात, त्याच पोलिसांच्या नजरेसमोर वावरायचे होते. म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे येथे बोलणारा आपले सर्व काही पणाला लावत होता, आणि तेही अशा कृत्यांबद्दल ज्यांचा खरा जाब व्यवस्थेने द्यायला हवा होता. याच्या शेजारी ती वही ठेवा. दोन्ही कथने 'काहीही न लपवता' सांगितलेली आहेत, दोन्ही अंगावर काटा आणतात, दोन्हींना प्रांजळ म्हणता येईल. जो शब्द या दोहोंना सारखाच लागू पडतो तो शब्द निकष म्हणून निरुपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी विद्यार्थ्यांना तीन साधे प्रश्न विचारायला शिकवावे. हे कोणाला उद्देशून सांगितले आहे? सांगणाऱ्याचे यात काय पणाला लागले आहे? आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना या कथनात जागा किती? साहित्याचे काम न्यायनिवाड्याचे नाही, असे यावर म्हटले जाईल. बरोबर आहे. परंतु हे प्रश्न शिक्षा ठरवण्यासाठी नाहीत, वाचण्यासाठी आहेत. संबोधन, स्वर, निवड, वगळणूक ही समीक्षेची जुनीच हत्यारे आहेत. 'प्रांजळ' म्हणून मोकळे होण्याच्या सवयीने ती गंजली आहेत, एवढेच. रोझी यांचा चित्रपट या प्रश्नांच्या उजेडात पाहिला तर तो लहान होत नाही. उलट त्याचे मोल वाढते, कारण वगळलेल्या माणसांची पोकळी त्या खोलीत सतत जाणवू लागते.

वाल्याच्या गोष्टीत जे राहून गेले ते रामायणाच्या आरंभी आलेल्या प्रसंगात मिळते, हेही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक बाहेर पडला तो स्वतःच्या पापांची उजळणी करताना नव्हे, आणि उद्धाराच्या आनंदातही नव्हे. निषादाच्या बाणाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला एक मेला आणि मागे राहिलेली क्रौंची आक्रंदू लागली, तेव्हा तो आला. आपल्या परंपरेने काव्याचा जन्म तेथे मानला आहे. मारणाऱ्याचे मनोगत ऐकावे, जरूर ऐकावे. ऐकताना मागे राहिलेल्यांचा आक्रोश आपल्याला ऐकू येतो की नाही, याची परीक्षा मात्र चित्रपटाची नसून प्रेक्षकाची आहे.